गरीब ग्रामीण कुटुंबाला थेट रोख मदत दिल्याने नेमके काय बदलते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील आपले मंडळ काही वर्षांपासून बीड जिल्ह्यातील एका गावात दिवाळीच्या सुमारास किराणा संच, ब्लँकेटे आणि शिलाई यंत्रे वाटत आले आहे. आता काही सदस्यांचे म्हणणे आहे की वस्तूंऐवजी तीस-चाळीस कुटुंबांच्या खात्यात थेट रक्कम जमा करावी. ती दरमहा द्यावी की एकरकमी, हेही आपण विचारले आहे. इतरांना मात्र शंका वाटते की पैसा दारूत जाईल, माणसे कामाला जाईनाशी होतील आणि वर्षअखेरीस दाखवण्यासारखे काही उरणार नाही. मराठवाड्यात उपजीविका आणि शासकीय योजनांच्या लाभाच्या कामात माझा बराच काळ गेला आहे, त्या आधारे लिहीत आहे. माझा कौल रोख रकमेच्या बाजूने आहे. मात्र ती कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातात आणि किती भरवशाने पडते, यावर तिचा बराचसा परिणाम ठरतो, आणि चर्चेत हीच बाजू सहसा मागे पडते.

प्रथम अशा कुटुंबाचे वर्ष कसे जाते ते पाहू. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दोन-अडीच एकर मुरमाड कोरडवाहू जमीन असलेल्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो आणि खर्च मात्र रोजचा असतो. जूनमध्ये तर सगळ्याच गोष्टी एकदम अंगावर येतात. बियाण्याची पिशवी हवी, १३५० रुपयांची डीएपी खताची गोणी हवी, मुलांच्या वह्या हव्यात, गळका पत्रा बदलायला हवा, आणि हाती मात्र काहीच नसते. मग कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल उचलला जातो, जिथे उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, किंवा गावातल्या कोणाकडून शेकडा तीन ते पाच रुपये दरमहा व्याजाने पैसे घेतले जातात. दहा हजार रुपये शेकडा पाचने घेतले तर जून ते नोव्हेंबर या पाच महिन्यांचे व्याजच अडीच हजार होते. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की घेणेकरी खळ्यावर येऊन उभे राहतात आणि ओलसर माल मिळेल त्या भावाला विकावा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारभाव कित्येक आठवडे त्याच्या खाली होता. पण हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी करायची, माल वाळवून ओलावा मर्यादेत आणायचा, नंबर येण्याची वाट पाहायची आणि मग खात्यात पैसे येईपर्यंत थांबायचे, हे ज्याला दम धरता येतो त्यालाच जमते.

रोख मदतीचा सर्वांत मोठा परिणाम मला इथे दिसतो. तिने काय विकत घेतले याची यादी करत बसल्यास तेल, डाळ, औषध, वह्या अशी फुटकळ नोंद हाती लागते आणि देणाऱ्याची निराशा होते. तिच्यामुळे कोणता तोट्याचा व्यवहार टळला, हे विचारल्यास वेगळे चित्र समोर येते. जूनमध्ये हातात असलेले चार-पाच हजार रुपये म्हणजे न घेतलेले तेवढे कर्ज, न दिलेले व्याज आणि दिवाळीनंतर विकलेली दोन-तीन पोती सोयाबीन. हेच पैसे ऑगस्टमध्ये आले तर पेरणी उरकलेली असते, कर्ज होऊन गेलेले असते, आणि रक्कम तीच असूनही तिचे काम निम्मे होते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे उदाहरण घ्या. या योजनेत वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२४ मध्ये पेरणीच्या हंगामातला हप्ता १८ जून रोजी आला, २०२५ मध्ये तोच हप्ता २ ऑगस्ट रोजी आला. सरकारी हिशेबात दोन्ही वर्षे सारखीच दिसतात, शेतकऱ्याच्या हिशेबात ती सारखी नसतात.

आपण निवडलेल्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो ऊसतोडीचा. पावसाळ्यात, साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, मुकादम, म्हणजे तोडीसाठी मजूर गोळा करणारा माणूस, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ही उचल आजारपण, लग्न, जुने देणे किंवा सरळ घरखर्च यांत संपते आणि ती फेडण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडावा लागतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. उचल जितकी मोठी, तितकी मुकादमाशी बोलण्याची ताकद कमी. आजारी असतानाही फडात उतरावे लागते, गरोदरपणात थांबता येत नाही, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर न्यावी लागते. महिन्याला हजार-दीड हजार रुपयांनी ऊसतोड थांबते, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण पावसाळ्यात थोडी रोकड हाती असलेली कुटुंबे उचल कमी घेतात, आणि कमी उचलीमुळे हंगाम लवकर संपवून परतणे किंवा आजारपणात चार दिवस थांबणे शक्य होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. दाखवण्यासारखे काही उरत नाही ही जी भीती आहे, तिचे खरे उत्तर अशा न दिसणाऱ्या फरकांत आहे.

याच काळात गावात म्हातारी माणसे आणि मुले मागे राहतात, आणि त्या घरांत आजीच्या निवृत्तीवेतनाला विलक्षण महत्त्व येते. संजय गांधी निराधार अनुदान किंवा श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये नियमित येत असतील तर आजी नातवंडांना गावी ठेवून घ्यायला तयार होते आणि मुले शाळेत टिकतात. हप्ते तीन-चार महिने थकले तर तीच मुले आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, जातात. अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतील वृद्धांच्या निवृत्तीवेतनाचा अभ्यास केला होता. त्यात ज्या घरात आजीला निवृत्तीवेतन मिळत होते तिथल्या नातींची वाढ सुधारल्याचे आढळले, आणि आजोबांना मिळणाऱ्या वेतनाचा तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडच्या कोणत्याही अनुभवी अंगणवाडी सेविकेला याचे आश्चर्य वाटणार नाही.

या योजनेतली एक विसंगती आपल्याला माहीत असावी. संजय गांधी योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती; घरातल्या एकाने शंभर दिवस काम केले तरी २९,७०० रुपये होतात आणि घर कागदावर अपात्र ठरते. याचा अर्थ गरीब घराला मदत मिळवण्यासाठी कागदावर अशक्य वाटावे इतके गरीब व्हावे लागते, आणि तो दाखला कसा मिळतो हे गावात सर्वांना ठाऊक असते. आपल्या मंडळाने उत्पन्नाच्या दाखल्यावर निवड करू नये, असे मी पुढे सुचवणार आहे, त्याचे कारण हे.

आता दारूची शंका. जागतिक बँकेतील डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी २०१४ मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील रोख मदतीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च अशा मदतीमुळे वाढत असल्याचे दिसले नाही. उलट तो किंचित कमी होण्याकडे कल होता. आपल्या शेजारचे उदाहरण मध्य प्रदेशाचे आहे. ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत सर्वांना विनाअट रोख रक्कम दिली. प्रौढामागे महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, आणि वर्षभरानंतर ३०० आणि १५०. तुलनेसाठी अशी मदत न मिळालेली बारा गावे निवडली होती. दारू वाढली नाही. पुरेसे अन्न मिळते असे सांगणारी घरे वाढली, लहान मुलांची, विशेषतः मुलींची, वजने सुधारली, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, आणि बियाणे-खतावर अधिक खर्च होऊ लागला. ज्या घरात आधीपासून व्यसन आहे तिथे पैशावरून भांडण होते, हे मी नाकारत नाही. पण व्यसनी माणूस धान्याचे पोते आणि शिलाई यंत्रही विकतो, त्यामुळे वस्तू दिल्याने ती अडचण सुटत नाही, फक्त वस्तू निम्म्या किमतीला जाते.

आळसाचा मुद्दा याहून रंजक आहे, कारण त्याच्या मागे हितसंबंध आहेत. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाल्यापासून ‘बाया कामाला येईनात’ ही तक्रार बागायतदारांकडून सतत ऐकू येते. आकड्याकडे पाहा. खुरपणीची बाईची मजुरी बहुतेक ठिकाणी दोनशे-तीनशे रुपये आहे. तेव्हा महिन्याचे १५०० रुपये म्हणजे पाच ते सात दिवसांची मजुरी झाली. तेवढ्यावर कोणी महिनाभर घरी बसू शकत नाही. मात्र ती बाई अंगात कणकण असताना कामाला जाण्याचे नाकारू शकते, मजुरी उधार ठेवणाऱ्याकडे जाण्याचे टाळू शकते आणि स्वतःच्या तुरीची खुरपणी आधी उरकून मग दुसऱ्याच्या रानात जाऊ शकते. इंदूरच्या प्रयोगातही लोक मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि लहान व्यवसायाकडे वळल्याचे दिसले होते. एकूण कष्ट कमी झाले नव्हते. मजूर कमी मिळणे हा मालकाचा खरा त्रास आहे आणि लहान शेतकऱ्यालाही त्याची झळ बसते, हेही मान्य केले पाहिजे. पण त्याला आळस म्हणणे चुकीचे आहे, कारण तो मजुरीच्या दराचा प्रश्न आहे.

पैसा बाईच्या खात्यात गेल्याने घरातले वजन बदलते का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. उत्तर मध्य प्रदेशात रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली आणि ते खाते कसे वापरावे याची तिला माहिती दिली, तेव्हा बायकांचे घराबाहेरचे काम वाढले. नुसते खाते उघडून देण्याने तितका फरक पडला नव्हता. माझा अनुभव याच दिशेचा आहे. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पिन त्याच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर असेल तर खाते कोणाच्या नावावर आहे याला फारसा अर्थ उरत नाही. ती स्वतः बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीकडे, जाऊन अंगठा लावून पैसे काढू लागली की काही महिन्यांत लहान लहान निर्णय तिच्याकडे येऊ लागतात: माहेरी जाण्याचे भाडे, मुलीचा चष्मा, बचत गटाचा हप्ता, स्वतःची रक्तदाबाची गोळी. दुसरीकडे, तिच्याकडे आता पैसे येतात म्हणून नवऱ्याने घरखर्चाला देणे बंद केल्याची घरेही आहेत. रोख मदतीचे मूल्यमापन करणारे हा दुसरा भाग क्वचित विचारतात.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्या उपयोगाचे आहे. शेतजमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला पीएम किसानचे ६००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६००० मिळतात, बायकोला लाडकी बहीणचे वर्षाला १८,००० मिळतात, आणि घरात एकूण ३०,००० येतात. तीच जमीन बायकोच्या नावावर असेल तर शेतीचे १२,००० तिला मिळतात, आणि ते महिन्याला हजार रुपये धरले जात असल्यामुळे लाडकी बहीणमधून तिला फक्त फरकाचे ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६००० मिळतात. घराची बेरीज १८,००० वर येते. एकेकाळी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून बायकांची नावे सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला. आज ज्या घराने ते केले, त्याचे वर्षाला बारा हजार रुपयांचे नुकसान होते. नियम करणाऱ्यांचा हा हेतू नसेल, पण सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावा असे सांगायला गेलेल्या कार्यकर्त्याला आता या हिशेबाचे उत्तर द्यावे लागते. ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्या भूमिहीनांना आणि बटाईने कसणाऱ्यांना शेतीच्या दोन्ही योजनांतून काहीच मिळत नाही, हे तर उघडच आहे. आपल्या मदतीची सर्वाधिक गरज तिथे आहे.

खात्यात पैसे जमा होणे आणि हातात पैसे पडणे यांत बरेच अंतर असते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून खाते, आधार आणि मोबाइल यांच्या जोडणीवर सगळी व्यवस्था उभी राहिली आहे. ती चालते तेव्हा उत्तम चालते. ऊसतोडीला गेलेला माणूस कर्नाटकातल्या एखाद्या दुकानात अंगठा लावून बीडच्या खात्यातले पैसे काढू शकतो, ही लहान सोय नाही. पण कोयता धरून, दगड उचलून बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा जुळत नाही. योजनेचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, त्यामुळे कोणीतरी कर्जासाठी किंवा सिमकार्डासाठी उघडायला लावलेल्या विसरलेल्या खात्यात ते पडून राहतात आणि बाई जुन्या पासबुकावर नोंद नाही म्हणून हप्ता आलाच नाही असे समजते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. जुन्या कर्जापोटी खात्यावर अडकवणूक असते. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळखपडताळणी, सक्तीची झाली तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली, आणि दोघेही हयात नसलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायका, म्हणजे ज्यांना पैशांची सर्वांत अधिक निकड, त्याच अडकल्या. तालुक्याला एक फेरी मारायची म्हणजे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून तीन-चारशे रुपयांना फटका. दीड हजारांसाठी दोन फेऱ्या झाल्या की मदतीचा अर्धा भाग तिथेच संपला.

सर्वच बाबतींत वस्तूंपेक्षा रोख बरी, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि याचा दाखला आपल्याच भागात आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निश्चित केलेल्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा येथे, केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये रोख देण्याचे ठरले. पुढे ते १७० झाले. गावच्या दुकानात तीस-पस्तीस रुपये किलोचा गहू घ्यायचा तर १५० रुपयांत पाच किलो जेमतेम बसतात, भाव चढला की बसत नाहीत. धान्याचे वजन महागाईने कमी होत नाही, रकमेचे होते. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ मध्ये रेशनऐवजी खात्यात पैसे देण्याचा प्रयोग झाला. लोकांना आधी बँकेत, मग बँक मित्राकडे आणि मग रेशन दुकानात असे हेलपाटे घालावे लागले, निदर्शने झाली आणि पुढच्या वर्षी तो प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणून माझे मत असे की रेशन आहे तिथे ते राहू द्यावे आणि रोख मदत त्याच्या जोडीला यावी. मिळते ते काढून घेऊन त्याच्या बदल्यात पैसे देणे हा बचतीचा मार्ग असतो, मदतीचा नसतो.

दरमहा द्यावे की एकरकमी, हा आपला दुसरा प्रश्न. याबाबत सर्वांत मोठा अनुभव केनियाचा आहे. तिथल्या सियाया परगण्यात गिव्हडायरेक्टली या संस्थेने शेकडो गावांतील गरीब घरांना सुमारे एक हजार डॉलर इतकी मोठी रक्कम दिली. त्या परिसरातील ६५३ गावांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली आणि भाववाढ नगण्य राहिली. मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही धंदा वाढला. याच संस्थेच्या दुसऱ्या, अधिक लांब पल्ल्याच्या प्रयोगात काही गावांना बारा वर्षे दरमहा, काहींना दोन वर्षे दरमहा आणि काहींना एकरकमी अशी रक्कम देण्यात आली. नवे छोटे व्यवसाय उभे राहण्यात एकरकमी मदत दोन वर्षांच्या मासिक मदतीपेक्षा सरस ठरली. बारा वर्षांची हमी असलेली माणसेही मागे नव्हती. ती आपसात भिशी लावून मासिक पैशांतून स्वतःच मोठी रक्कम उभी करत होती. म्हणजे पैसे पुढेही येत राहतील या खात्रीनेच माणूस आज धाडस करतो.

केनियाचे आकडे जसेच्या तसे बीडला लावू नयेत. तिथल्या खेड्यात घरावर पत्रे घालण्याचे, विटांचे, शिवणकामाचे काम बरेचसे गावातच होते. आपल्याकडच्या किराणा दुकानातला साबण, बिस्किटे, तेलाची पिशवी, मोबाइलचे रिचार्ज हे सगळे बाहेरून येते आणि पैसा त्याच वाटेने बाहेर जातो. गावात तो फिरतो तो पिठाच्या गिरणीत, शेळीच्या खरेदीत, गवंड्याच्या मजुरीत आणि उधारीच्या वहीवरची बाकी भागल्याने पुन्हा माल भरू शकणाऱ्या दुकानदाराकडे. तेव्हा उलाढाल होईल, पण अडीच पटीचे वचन आपल्या देणगीदारांना देऊ नका. आणि जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही तिथे दीड हजार रुपये खासगी दवाखान्याच्या फीमध्ये एका दिवसात संपतात, हेही त्यांना सांगा.

आता आपल्या कामाविषयी. दर कुटुंबामागे वर्षाला बारा हजार रुपये आपण ठरवले आहेत असे समजून सांगतो. त्यातले सहा हजार जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीआधी एकरकमी द्यावेत. उरलेले सहा हजार नोव्हेंबर ते मार्च दरमहा बाराशे याप्रमाणे, गावात मागे राहणाऱ्या आजीच्या किंवा मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात जावेत. तारीख ठरवून ती पाळावी. पाचशे रुपये कमी दिले तरी चालतील, पण पंधरा दिवस उशीर चालणार नाही, कारण लोक त्या तारखेच्या भरवशावर सावकाराला नाही म्हणतात. किती वर्षे देणार ते पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. माझ्या मते तीन वर्षांपेक्षा कमी काळासाठी सुरू करू नये, कारण पुढच्या जूनची खात्री नसेल तर कुटुंब यंदाचे पैसे जपून ठेवते किंवा जुन्या देण्यात घालते आणि उचलीचा निर्णय बदलत नाही.

निवडीसाठी गावभर फिरून ‘खरे गरीब’ शोधू नका. त्यातून सरपंचाचे नातेवाईक निवडले जातात आणि उरलेल्यांत वर्षभर धुसफूस राहते. गावाबाहेरची एखादी वस्ती किंवा तांडा निवडून तिथल्या सर्व घरांना द्या. एखादे बरे घर त्यात आले तर येऊ द्या. भूमिहीन घर आपोआप समाविष्ट होते, आणि कोणाला का दिले याचे स्पष्टीकरण कोणालाच द्यावे लागत नाही. धनादेशाचा मोठा फलक, हार आणि छायाचित्रे टाळा. ज्या घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे तिथे मदत घेतानाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरणे जाचते. पावत्या मागू नका, कारण मागितल्यास त्या मिळतात आणि त्यांत खरे काहीच नसते. त्याऐवजी वर्षातून एकदा प्रत्येक घरात बसून चार गोष्टी विचारा: यंदा उचल किती घेतली, व्याजाने किती पैसे काढले, सोयाबीन कोणत्या महिन्यात कोणत्या भावाने विकले, आणि हंगामात घरातली मुले कुठे होती. तीन वर्षांच्या या उत्तरांत आपल्या मंडळाला दाखवण्यासारखे काय आहे ते दिसेल.

एकूण निधीचा थोडा भाग वस्तीतल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देण्यासाठी राखून ठेवा. आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे ते तपासणे, निष्क्रिय खाते सुरू करून घेणे, अंगठा न जुळणाऱ्या आजींना पोस्टमनमार्फत किंवा शाखेत नेऊन पैसे मिळवून देणे आणि त्याच फेरीत थकलेल्या सरकारी हप्त्यांची चौकशी करणे, एवढे काम तिने केले तर आपल्या बारा हजारांच्या जोडीला सरकारकडे अडकलेले पैसेही घरात येतील. काही घरांत ती रक्कम आपल्या मदतीपेक्षा मोठी निघते. हे काम कुटुंबे गावात असतानाच होऊ शकते, आणि दिवाळीनंतर वस्ती जवळजवळ रिकामी असते. म्हणून यंदाचा दिवाळीचा वाटपाचा कार्यक्रम रद्द करून तो निधी राखून ठेवा, एप्रिल-मेमध्ये लोक ऊसतोडीवरून परतले की खात्यांची तपासणी उरकून घ्या आणि पहिली रक्कम मृगाच्या आधी पोहोचती करा.